पाच जणांच्या कंपनीची हातगाडी

मित्रांनो, मी एक जुनी हातगाडी आहे. आज माझ्यावर वांगी नाहीत की मेथी नाही. एक लॅपटॉप आहे आणि वायरींचा गुंता आहे. घरी येणारे लोक मला टेबल म्हणतात. मी ऐकून घेते. पण टेबलाला चाके नसतात, हे तुम्ही जाणताच.

माझा जन्म अकोटच्या एका सुताराकडे झाला. बाभळीची चौकट, आंब्याच्या फळ्या, टोमॅटो घरंगळू नयेत म्हणून चारी बाजूंनी बोटभर उंच कडा, आणि खाली सायकलची चार चाके, त्यांतली दोन मोडीतली. अमरावतीच्या शेषरावांनी मला घरी नेले. पुढची बावीस वर्षे आम्ही दोघे गाडगेनगरच्या गल्ल्यांतून फिरलो. शेषरावांना मदतीला कोणी नव्हते. बाजारातून माल आणायचे तेच, निवडायचे तेच, कोथिंबिरीवर पाणी मारायचे तेच आणि "भाऽऽजीऽऽ" अशी हाक द्यायचेही तेच. ती हाक लांबवताना त्यांचे डोळे आपोआप मिटत आणि माझ्या चाकांना वेग येई. "शेषरावभाऊची गाडी पाहा, कशी सजवली हाये!" असे बायका म्हणत. मित्रांनो, ती स्तुती अजून माझ्या फळ्यांत मुरलेली आहे.

मग शेषरावांचे गुडघे दुखू लागले. त्यांना बाजारात एक छोटा गाळा मिळाला आणि मी घराच्या पडवीत, टिनाखाली उभी राहिले. दोन वर्षे माझ्याकडे कुणी पाहिले नाही. एक मांजर माझ्यावर दोनदा व्याली, तेवढाच काय तो माझा उपयोग.

अशात शेषरावांची मुलगी वर्षाली पुण्याची नोकरी सोडून घरी आली. ती संगणकावर वेबसाइट बनवते. पुण्याच्या कंपनीत तिला वर्षभर एकाच बटणाचे कोपरे गोल करायला बसवले होते. तिला मात्र अख्खे काम करायचे होते. माणसाला काय हवे ते ऐकायचे, त्याचे चित्र काढायचे, वेबसाइट बांधायची, आणि ती बंद पडली तर फोनही आपणच उचलायचा.

"बाबा, एक टेबल घ्यावं लागेल," ती म्हणाली.

"टेबल कायले पायजे? गाडी हाये ना घरची," शेषराव म्हणाले.

तिची आई माणिकबाई यांनी मला घासूनपुसून घेतले. पडवीला अंगणाकडे उतार होता, म्हणून पुढच्या चाकाखाली एक वीट सरकवली. अशी मी पुन्हा कामाला लागले.

काम मात्र येईना. येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारी, "मॅडम, तुमच्याकडे मानसं किती?" वर्षाली खरे ते सांगे, "मी एकटीच." की समोरचा उठे. एकाने तर काळजीने विचारले, "अन् तुमी आजारी पडल्या तं?" वर्षालीने त्याला आपण वर्षभरात एकदाही शिंकलो नाही असे सांगितले; पण नेमकी त्याच वेळी तिला शिंक आली.

चौथ्या वेळी फोनवर डोमाजी होते. अकोल्याच्या जुन्या शहरातले फुलांचे व्यापारी, घरची झेंडू-शेवंतीची शेती, शहरात तीन दुकाने. नवरात्रात लोकांनी घरबसल्या हार मागवावेत अशी वेबसाइट त्यांना हवी होती.

"मानसं किती हायेत तुमच्या कंपनीत?" डोमाजींनी विचारले.

वर्षालीने माझ्या फळीवर नख घासले आणि म्हणाली, "पाच."

मित्रांनो, मी थरारले. त्या पडवीत तिच्याशिवाय फक्त मी होते आणि मांजर होती.

त्या दिवशी कंपनीचा जन्म झाला. वर्षाली प्रमुख. रंगरूप पाहणारी साधना, वेबसाइट बांधणारा विपुल, चुका तपासणारा धर्मेंद्र आणि ग्राहकांशी गोड बोलणारी चंदा. चौघेही वर्षालीच्या डोक्यातून निघालेले. एकाच फोनवरून ती डोमाजींना निरोप पाठवी आणि खाली नावे बदली. चंदा माफी मागे. धर्मेंद्र चुका शोधी. विपुल जरा तुसडा होता. वर्षालीला जे तोंडाने "नाही" म्हणता येत नसे ते विपुल बेधडक लिहून टाकी.

डोमाजींनाही काम करून घेण्याची हौस दांडगी. साधनाने ठेवलेला पिवळा रंग त्यांना पटेना. "हा झेंडू नाई, ही कावीय झाली हाये," असा बोलका निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरच्या हाती एक पिशवी आली. आत एक झेंडूचे फूल आणि चिठ्ठी : 'असा रंग.' पिशवी घरी पोचेस्तोवर दुपार झाली होती. वर्षालीने त्या फुलाशी तंतोतंत रंग जुळवला. डोमाजींचा लगेच फोन आला, "अवो, हा तं सुकेल झेंडू हाये!"

तरी काम होत गेले. दोन महिन्यांत वेबसाइट तयार झाली. नवरात्र आठवड्यावर आले आणि डोमाजींचा निरोप आला : 'उद्या येऊन राहिलो. पाची जनांचा सत्कार करतो. पाच हार, पाच नारय. फोटो दुकानात लावतो.'

वर्षालीने तो निरोप मोठ्याने वाचला आणि डोके माझ्यावर टेकवले. "बाबा, आता काय करू?"

"खरं सांगून टाक," शेषराव म्हणाले.

"काम जाईल बाबा. दोन महिने केलंय मी हे."

"मंग काय, मी धर्मेंद्र होऊ का? माह्या बापानं मले शेषराव नाव देल्लं हाये."

पण दुसऱ्या दिवशी डोमाजी फाटकात आले तेव्हा शेषराव इस्त्रीचा सदरा घालून माझ्याशेजारी धर्मेंद्र होऊन बसले होते. मुलीसाठी माणूस काय काय होतो! वर्षालीने त्यांना एवढेच शिकवले होते : मान हलवायची आणि "बरोबर हाये" म्हणायचे.

डोमाजी उंचेपुरे, पांढरी टोपी, हातात भली मोठी पिशवी. त्यांनी पडवी न्याहाळली. "बाकीचे कुठं हायेत?"

"विपुल नागपूरला गेलाय," वर्षाली म्हणाली. "साधना रजेवर आहे. चंदाला ताप आहे."

"अन् हे?"

"हे धर्मेंद्र."

"अरे वा! तुमाले तं भेटाचंच होतं," म्हणत डोमाजी समोर बसले आणि लॅपटॉपवर वेबसाइटचे एकेक पान उघडून "हे तपासलं का?" असे विचारू लागले. शेवंतीचे हार. "बरोबर हाये." गजरे. "बरोबर हाये." तोरणे. "बरोबर हाये." मग झेंडूचे पान उघडले. शेषरावांची मान हलायची थांबली. ते तोंड मी बावीस वर्षे ओळखत होते.

"हे काय हाये?" शेषराव म्हणाले. "दसऱ्याच्या दिवशी बी हाच भाव?"

"बाबा..." वर्षाली पुटपुटली, पण शेषराव आता थांबणार नव्हते.

"दसऱ्याले झेंडूचा भाव सकायी एक रायते, दुपारी दुसरा. अन् गिऱ्हाईक मोजलं कोनं? हजार जनांनी हार मांगतले तं फुलं कुठून आनसान? आभायातून?"

डोमाजी ताडकन उठले. "मानलं! माह्या ध्यानात नाई आलं हे!" असे म्हणून त्यांनी आनंदाने माझ्यावर जोरात थाप मारली आणि त्यांच्या पायाने चाकाखालची वीट उडाली.

मित्रांनो, यात माझा दोष नाही. उतार होता. मी निघाले. लॅपटॉपची वायर ताणली आणि सुटली. लॅपटॉप कडेला अडून माझ्यावरच राहिला. मी पडवी उतरले, अंगण ओलांडले आणि उघड्या फाटकातून सरळ गल्लीत गेले. मागून वर्षालीची किंकाळी, माणिकबाईंची "अवो माय!" आणि गुडघे विसरून धावत आलेले शेषराव. त्यांनी माझा दांडा पकडला. हाताला दांडा लागला, चाके फिरत होती, आणि शेषरावांचे डोळे मिटले.

"भाऽऽजीऽऽ!"

गल्ली दणाणली. समोरच्या घरातून दुर्गाबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. "शेषरावभाऊ, किती दिसानं आले! मेथी हाये का?"

फाटकात उभे राहून डोमाजींनी विचारले, "हे धर्मेंद्र भाजी इकते का?"

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. वर्षाली त्यांच्यापुढे उभी राहिली. "हे माझे बाबा आहेत. विपुल नागपूरला नाही, साधना रजेवर नाही. कोणीच नाही, काका. सगळं मी एकटीनंच केलं."

डोमाजी पायरीवर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मले फसवलं तू."

"हो."

"साठीच्या मानसाले."

"हो काका. माणसं खोटी होती. काम खोटं नाही."

शेषरावांनी मला ओढत अंगणात परत आणले. माणिकबाईंनी ठेवलेला चहा निवून गेला. मग त्यांनी हळूच विचारले, "थो चिडका विपुल?"

"तोही मीच. पहिल्या पानावर अकरावा फोटो टाका म्हणालात, तेव्हा तुम्हाला नाही म्हणायची माझी हिंमत होईना."

"अन् चंदा?"

"मीच."

डोमाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मले तं थो विपुलच पटला होता. माह्या घरात मले नाई म्हननारं कोनी नाई उरलं." त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले, पण ते हसले नाहीत. ते उठले, पिशवीतून पाच हार काढले. वर्षालीने मान खाली घातली.

"खोटं बोलनाऱ्याच्या गयात मी हार नाई घालत," डोमाजी म्हणाले. "ह्या गाडीनंच काय थे खरं सांगतलं." आणि त्यांनी पाचही हार माझ्या दांड्याला घातले. एक नारळ माझ्या पुढच्या चाकाजवळ फोडला. जाताना म्हणाले, "दसऱ्याचं थे नीट कर, पोरी. मंग उघडू दुकान. आता मले निरोप येईन तं तुह्याच नावानं आला पायजे."

बावीस वर्षे माझ्यावरून पालक, मुळे, भोपळे गेले. पण असे पाच-पाच हार माझ्या अंगावर पहिल्यांदाच चढले. मी रडले असते, पण लाकूड फुगते.

वर्षालीने तीन दिवस खपून नवी सोय केली. रोज सकाळी डोमाजींनी त्या दिवसाचा भाव आणि जेवढी फुले असतील तेवढा आकडा भरायचा. फुले संपली की मागणी घेणे बंद. शेषरावांनी ते दहा वेळा तपासले आणि एकदाही नुसते "बरोबर हाये" म्हटले नाही. तेव्हापासून तपासणी त्यांच्याचकडे आहे, स्वतःच्या नावानिशी. वर्षालीने आपल्या वेबसाइटवरचे सगळे 'आम्ही' खोडून 'मी' लिहिले. ते वाचून दोन गिऱ्हाइके परत फिरली. तिसऱ्याने विचारले, "मॅडम, उद्या येऊ का?"

दसऱ्याला दुपारी एक वाजता डोमाजींच्या वेबसाइटने 'आजची फुले संपली' असे जाहीर केले. थोड्या वेळाने फोन वाजला. "वर्षाली," डोमाजी म्हणाले, "चाळीस वर्षांत पह्यल्यांदा दसऱ्याच्या दिवशी बसून जेवलो मी."

वर्षालीने फोन ठेवला आणि पुन्हा कामाला वळली. तिचे ताट सकाळपासून माझ्या कोपऱ्यावर झाकलेले होते.

मित्रांनो, म्हणून माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारख्या जुन्या गाडीच्या चाकांना वर्षातून एकदा तेल द्या, फळ्या ओल्या राहू देऊ नका. आणि तुमच्या घरात कोणी एकटेच पाच जणांचे काम ओढत असेल, तर त्याला नुसते "जेवून घे" म्हणू नका. त्याच्या पुढ्यातला लॅपटॉप मिटा, हाताला धरून उठवा आणि तो शेवटचा घास खाईपर्यंत त्याच्याजवळ बसा.