घंटा आधी वाजली

दुर्बिणीचं काळं झाकण साडूच्या पोटावर दोरीला लोंबकळत होतं, होडी डुलली की शर्टाच्या गुंडीवर टकटक करत होतं... दुर्बीण मात्र बायकोच्या डोळ्यांना, आणि तिला नीट दिसावं म्हणून साडूचं बोट दुर्बिणीच्या चाकावर. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस. बोट कुठं ठेवायचं ते बरोबर कळतं.

"अगंबाई भावजी, पाणी किती जवळ आलं!"

चाळीस वर्षांत माझ्यामुळे हिच्या जवळ काही आलं नाही, नवरा मनाशी म्हणाला. पण देवमासा? देवमासा घरात आणला तो मीच — लग्नाच्या पहिल्या महिन्यात, ओट्याला टेकून. तरुणपणी पाहिलेला, शाळेएवढा. पुढं तो वर्षागणिक वाढला, शेपटीच्या एका फटक्यात बंदर कोरडं करू लागला, आणि ती दर वेळी हातातलं काम थांबवून ऐकायची. खरं तर त्यानं तो पाहिला होता टपाल कचेरीत, तिकिटावर. वर शिक्काही त्यानंच मारला होता. आता ह्या चष्मेवाल्यानं खराखुरा दाखवला, की मग...

होडीवालीनं इंजिन बंद केलं. "ज्याला आधी दिसेल त्यानं घंटा वाजवायची. उगाच वाजवली, तर पोहत घरी!"

"साडूभाऊ, तुम्ही तर जुने जाणकार," साडू म्हणाला. "कुठून येईल?" हा चिमटा की आदर — तो ठरवतोय तोवर साडूची मान एकदम लांब कुठंतरी वळली, आणि त्याच्याआधी म्हणून नवऱ्यानं घंटेची दोरी ओढली.

"कुठंय?" त्यानं हात केला तिकडं नुसतं पाणी होतं, कोऱ्या पाकिटासारखं. साडूनं दुर्बीण फिरवली. "काहीच नाही हो!" होडीवालीनं कमरेवर हात ठेवले.

"दिसला की," बायको म्हणाली. "पाठीवर पांढरा ओरखडा होता. कसा सावकाश वळला! तुम्ही भलतीकडंच बघत होतात, भावजी."

राखली हिनं आपली लाज, असं त्याला आधी वाटलं. मग — ओरखडा? माझ्या माशाला चाळीस वर्षांत ओरखडा कधीच नव्हता. आणि नवऱ्याची लाज राखणारी बाई नवऱ्याकडं बघेल. हिचे डोळे तिथंच, पाण्यावर, ओले...

"अहो, तुमचा असाच होता ना?" तिनं न वळता विचारलं.

झाकण टकटकत असणार. त्याला ते ऐकू येईना. तिच्या नजरेच्या रेषेवरून तो पाण्यात शोधत राहिला, हावऱ्यासारखा.

"नाही," तो म्हणाला. "तुझा कसा होता... सांग ना."