माझा आकडा खरा होता

मी पल्ला मोजणारी दुर्बीण बोलतेय. लांबवर नेम धरणाऱ्यांच्या गळ्यात लटकलेली असते ना, तीच. दिसायला मुठीएवढी, पण कामाला चोख. बटण दाबलं की मी एक न दिसणारा किरण सोडते. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि मी अंतर सांगते. एवढ्यावर थांबले तर ती मी कसली? गोळीचं वजन, तिचा वेग, चढउतार, थंडी, हवेचा दाब, सगळं जमेस धरून बंदुकीवरच्या भिंगाची चकती किती खटके फिरवायची, तेही सांगते.

एका स्वच्छ पांढऱ्या खोलीत माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या बाईने माझ्या पोटात हवेचा दाब ओळखणारं इवलंसं मापक बसवलं आणि बरोबर चालतंय ना, हे दोनदा तपासलं. तिचे उपकार मी विसरलेले नाही.

मला गुनवोरने घेतलं. ती आमच्या बेटावरच्या फेरीबोटीवर काम करते. तिचे वडील आस्मुन, जुने मच्छीमार. त्यांच्या घरात शिरल्या शिरल्या भिंतीवर हवेचा दाब दाखवणारा पितळी वायुभारमापक टांगलेला आहे; काटा खाली घसरला की वादळ आलंच समजायचं. आमच्या किनाऱ्यावर कुठल्याही घरात जा, बाहेर पडताना माणूस त्यावर बोटाने टकटक करणार, काटा कुठे सरकतो ते बघणार आणि मगच टोपी घालणार. त्या काट्याने आस्मुनला किती वादळांतून वाचवलंय कोण जाणे. पोरीवर ठेवत नाही इतका विश्वास म्हातारा त्याच्यावर ठेवतो.

बेटावर माझं छान चाललं होतं. माझा आकडा आणि भिंतीवरचा काटा एकमेकांना धरून असायचे. गुनवोरने गोळीचा वेग नीट मोजून मला दिला, नळीपासून भिंग किती उंच आहे ते पट्टीने मोजून दिलं. खाडीपलीकडे नेमासाठी टांगलेली लोखंडी ताटली गोळी लागून रोज वाजायची.

मग आली डोंगरावरची स्पर्धा. दोन दिवस नेमबाजी आणि त्यातून देशाच्या संघात निवड. मागच्या दोन्ही वर्षी गुनवोरची जागा थोडक्यात हुकली होती. यंदा नाही जमलं तर बंदूक कायमची कपाटात ठेवणार, असं ती घरी सांगून आली होती. कपाटात मीही जाणार, हे मला न सांगता कळत होतं.

पहिल्या सकाळी तिने मला चालू केलं आणि मी खरं ते सांगितलं. दाब आठशे ऐंशी, बेटावर असायचा हजाराच्या आसपास. गुनवोरचा चेहरा पडला. तिने लगेच घरी फोन लावला.

"आठशे ऐंशी?" आस्मुन तिकडून म्हणाले. "अगं, मी सत्तर वर्षांत काटा एवढा खाली गेलेला पाहिला नाही. असं असतं तर घराचं छप्पर उडून गेलं असतं. यंत्र बिघडलंय तुझं. थांब, मी बघून सांगतो."

त्यांनी टकटक केली आणि सांगितलं, एक हजार बारा. गुनवोरने माझं मापक बंद केलं आणि वडिलांचा आकडा माझ्या पोटात कोंबला. मला राग आला, पण दुर्बिणीचं ऐकतंय कोण?

व्हायचं तेच झालं. जवळच्या ताटल्या वाजल्या, लांबच्या सगळ्या गोळ्या डोक्यावरून गेल्या. मग बाई माझ्याशी झगडू लागली. गोळीचा वेग वाढवून बघितला, भिंगाची उंची बदलली, चढाचा हिशेब काढून टाकला, परत घातला. एक ठिगळ लावलं की दुसरीकडे फाटायचं. दुपारपर्यंत माझ्यात एकही आकडा खरा उरला नव्हता.

तेवढ्यात कॉफीचा कप घेऊन हाल्वार आला. इथलाच मेंढपाळ, आणि संघातल्या शेवटच्या जागेवर त्या क्षणी त्याचंच नाव होतं.

"काय गं, आज ढगांची शिकार चाललीय का?" त्याने चिडवलं.

गुनवोरने सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने आपल्या गळ्यातलं जुनं यंत्र पुढे केलं. त्यावरही आठशे ऐंशीच होतं.

"तुझे बाबा समुद्राकाठची हवा सांगतायत, तू उभी आहेस डोंगरावर. इथे हवा विरळ असते, रोजच. गोळीला अडवायला कोणी नाही, म्हणून ती कमी खाली येते. तू मात्र चकती बेटाच्या हिशेबाने फिरवतेयस."

गुनवोरने विचारलं, "हे मला का सांगतोयस? मी चुकले तर जागा तुझी."

"मला ती माझ्या नेमाच्या जोरावर हवी. आता सगळे आकडे आधी होते तसे कर. आणि यापुढे काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलत जा."

दुसऱ्या दिवशी तिने बेटावर मोजलेले आकडे एकेक करून परत घातले आणि शेवटी माझं मापक चालू केलं. मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. सरावाच्या लांब ताटलीसाठी मी कालच्यापेक्षा पाच खटके कमी सांगितले. गुनवोर क्षणभर थांबली, मग तिने माझं ऐकलं. ताटली वाजली, अगदी मधोमध.

त्यानंतर आम्ही दोघींनी मैदान मारलं. ताटल्यामागून ताटल्या वाजत गेल्या आणि कालची पिछाडी भरून निघाली. शेवटची, सगळ्यांत लांबची ताटली उरली तेव्हा गुनवोर आपली पाळी संपवून बसलेल्या हाल्वारच्या बरोबरीला आली होती. ही लागली की ती संघात, हाल्वार घरी. मी अंतर सांगितलं, खटके सांगितले. तिने चकती फिरवली, वारा पाहिला, श्वास सोडला.

आवाज परत यायला वेळ लागतो. त्याआधीच मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेला एक माणूस ओरडला, "लागली!" तो हाल्वार होता. स्वतःची जागा गेल्याची बातमी त्यानेच सगळ्यांच्या आधी दिली, आणि मग उठून गुनवोरला घट्ट मिठी मारली.

आता मी संघाबरोबर परदेशी निघालेय. माझ्या आवरणावर चरे पडलेत, पण नजर पहिल्यासारखीच आहे. वाचकहो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याने अजब आकडा दाखवला तर लगेच त्याला वेड्यात काढू नका. आधी आपण कुठे उभे आहोत ते बघा.

निघायच्या दिवशी आस्मुन धक्क्यावर आले होते. त्यांनी हात पुढे करून मला मागितलं, आयुष्यात पहिल्यांदा. खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे, त्याला चुकवत त्यांनी सगळी हयात बोट हाकली. त्याच्यावर मला रोखून त्यांनी बटण दाबलं. मी अंतर सांगितलं. म्हाताऱ्याने तो आकडा आपल्याला पाठ असलेल्या अंतराशी ताडून पाहिला. मग मला पोरीच्या हातात देत म्हणाला, "बरोबर सांगते ही."