बिस्कीट आणायला गेल्यावर

श्रावस्तीच्या मुठीत उत्कर्षच्या शर्टाचं टोक होतं. नुसतं धरलेलं नव्हतं. कापडाला दोन पीळ देऊन बोटं वर आवळली होती, सुटू नये म्हणून.

"रोज असंच," अंगणवाडीच्या सोनालीताई श्रावस्तीच्या वडिलांना, राजपालला म्हणाल्या. "कुणी दाराकडं निघालं, की पकडलंच. काल ह्याला लघवीला जायचं होतं. सोडलंच न्हाय. भिजली चड्डी."

"मी पळून जात नव्हतो," उत्कर्षनं गंभीरपणे खुलासा केला.

राजपालला हसू आलं. ताईही हसल्या, मग म्हणाल्या, "दटावायला बोलावलं न्हाय, भाऊ. घरी काय हुतंय, ते तुमच्याबगर मला कसं कळणार?"

राजपाल आठ महिन्यांपासून चाकणच्या कारखान्यात कामाला होता. महिन्यातून दोन दिवस गावी यायचा. निघायची वेळ झाली की त्याची आई, जाईबाई, नातीला दुकानातून बिस्कीट आणायला पाठवायची. तेवढ्यात तो बॅग उचलून तेरला जाणाऱ्या गाडीसाठी फाट्याकडं चालू लागायचा. पोर रडू नये, एवढंच. मागच्या खेपेला मात्र श्रावस्ती दुकानात गेलीच नाही. पैसे हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. मग बायकोनं तिला शेळीची करडं दाखवायला घरामागच्या परड्यात नेलं आणि राजपाल पुढच्या दारानं सटकला.

हे ताईंना सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला.

"नजर हलली की माणूस जातंय, असं बसलंय तिच्या डोक्यात," ताई म्हणाल्या. "सांगून जावा. रडंल. रडू द्या. पण नंतर उगं धास्ती तरी न्हाय ऱ्हायची."

त्याला हे आठ महिन्यांपासून कळत होतं. दर खेपेला तो गाडीत बसून ठरवायचा, पुढच्या वेळी सांगूनच निघायचं. आणि ऐन वेळी पोरीचं तोंड पाहिलं, की आईच्या युक्तीचाच आधार वाटायचा.

श्रावस्तीला कडेवर घेऊन तो घरी आला. बायको सोयाबीन काढायला रानात गेली होती. जाईबाईनं बॅग भरून दाराआड लपवली होती. तिनं लेकाला डोळ्यानं खुणावलं.

"पोरीला मळ्याकडं नेती मी. तू निघ."

"न्हाय, आये. बॅग इकडं आण."

"येड लागलं का रं? गल्ली गोळा करंल ती."

"करू दे की. तिचाच बाप चाललाय."

जाईबाई पुटपुटत बॅग घेऊन आली आणि मुद्दाम जोरात आदळली. श्रावस्तीनं बॅगेकडं पाहिलं. मग राजपालकडं. खालचा ओठ हळूहळू पुढं आला. राजपाल तिच्यासमोर उकिडवा बसला. नजर चुकवावीशी वाटली, पण त्यानं चुकवली नाही.

"श्रावू," तो म्हणाला, "मी आता कामाला चाललोय. तुला सांगून चाललोय."