हात न लावलेला फोटो

डिझायनरबाईंची एक शिस्त होती. गिऱ्हाईक ओळखीचं असो की परकं, गृहपाठ करून आणल्याशिवाय त्या कामाला हात लावत नसत. गृहपाठ म्हणजे एक कागद आणि त्यावर पाच प्रश्न. बेकरीवाला आला तरी तेच पाच, दातांचा डॉक्टर आला तरी तेच पाच. फोटोवाले काका आले तेव्हा त्यांची लेक घर सोडून गेल्याला एकेचाळीस दिवस झाले होते. तिला शोधायला एक वेबपेज करून हवं होतं. बाईंचे डोळे भरून आले, पण कागद त्यांनी तोच पुढे केला.

"काका, रागावू नका. पान मी एका दिवसात उभं करते. पण आधी हे भरून आणा, नाहीतर नुसतंच देखणं होईल, उपयोगाचं होणार नाही."

देखणं करणं हाच तर काकांचा जन्मभराचा धंदा. तीस वर्षांचा स्टुडिओ. लोकांचे वांग, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांच्या हातून अशी जायची की आरशाने लाजावं.

दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ते बसले. समोर काकू. पहिला प्रश्न : हे पान कोण बघणार? काकांनी लिहिलं, ज्याने तिला पाहिलं असेल तो. दुसरा : पान बघून त्याने काय करावं? फोन. तिसरा : पान मिटल्यावर एकच गोष्ट लक्षात राहायची असेल, तर कोणती?

काकांचं पेन थबकलं.

"विचार कसला करताय?" काकू म्हणाल्या. "डाग लिहा."

"अगं, चारचौघांत कशाला..."

"तिला शोधायच्या पहिल्या कागदाच्या वेळीही हेच म्हणालात. तिचा फोटो छापून पाचशे कागद चिकटवले गावभर. उंची लिहिलीत, ड्रेसचा रंग लिहिलात. ड्रेस काय, कालच बदलला असेल तिने. गाल बदलता येतो का?"

काकांनी मान खाली घालून लिहिलं : डाव्या गालावर भाजल्याचा डाग, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत.

त्या डागाची गोष्ट घरात कोणी बोलत नसे. लेक, छकुली, तेव्हा चार वर्षांची होती. स्टुडिओत खेळत होती. दिव्याचा स्टँड हलवताना काकांचा पाय वायरीत अडकला आणि तापलेला दिवा तिच्यावर पडला. क्षणाचं काम. पण माणूस देवाच्या पाया पडून जे विसरू शकत नाही, ते विसरायला दुसरीकडे वाट काढतो. काकांनी ती आपल्या हातच्या कामात काढली. त्या दिवसापासून छकुलीचा जो फोटो निघेल, त्यातला डाग आधी जायचा आणि मग फोटो घरात यायचा. मूळ फोटो ते ठेवतच नसत. राहिला की कोणाच्या तरी दृष्टीस पडायचा! लेकीनेही धडा घेतला. दुसऱ्या कोणी फोटोसाठी फोन समोर धरला, की ती गाल फिरवायची.

मग नोकरीची मुलाखत आली. अर्जावरचा फोटो अर्थातच काकांनी केलेला. समोरच्या माणसाने फोटो बघितला, तोंड बघितलं, परत फोटो बघितला आणि विचारलं, "या स्वतः आल्या नाहीत का?"

छकुली घरी आली ती शांत. पिशवी भरली. दारात म्हणाली, "बाबा, ती फोटोतली ठेवा तुमच्याकडे. तीच आवडते ना तुम्हाला?"

चौथा प्रश्न होता : मूळ फोटो आहेत का, हात न लावलेले? आणा.

काकांनी अल्बम उपसले. कॉम्प्युटर धुंडाळला. माळ्यावरच्या निगेटिव्हच्या डब्या खिडकीशी धरून पाहिल्या. एकोणीस वर्षांचे वाढदिवस, शाळा, सहली. हजारो फोटो, आणि त्या हजारोंत त्यांची लेक एकदाही नव्हती. चोराने घर धुऊन न्यावं, आणि चोर आपणच निघावं, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंसमोर कागद ठेवला. बाईंनी वाचला, फोटो पाहिला, पुन्हा वाचला.

"डाग? यात कुठाय?"

"मी काढला."

"मूळ?"

"तेही मीच टाकले."

पाचव्या प्रश्नावर बोट ठेवून बाईंनी हळूच विचारलं, "पसंती कोण देणार? हा रिकामा ठेवलात."

"जिने द्यायची, ती घरात नाही," काका म्हणाले.

बाईंनी खुर्ची सोडली. "बसा इथे. माझा हात तुमच्याइतका तयार नाही. जसा काढलात, तसाच घाला."

काका बसले. बोटं कामाला लागली. इतक्या वेळा पुसलेला डाग. त्याची एकेक कडा हाताला पाठ होती. कानाशी रुंद, मध्ये सुरकुतलेला, ओठाशी निमुळता. तासाभराने पडद्यावर छकुली होती. काकांनी दोन्ही हात जोडले, का ते त्यांनाच कळलं नाही.

संध्याकाळी पान सुरू झालं आणि फोनोफोनी गावभर फिरलं. सकाळी फोन आला. एका महिला वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाई होत्या.

"अहो, ही आमच्याकडे होती की! महिनाभर माझ्या हाताखाली भांडी लावायची. गुणी पोर. तुमचा आधीचा कागद आमच्या गेटवरच होता हो. मला शंका आली. कागद तिच्या तोंडाजवळ धरून बघितला. म्हटलं, छे, कागदावरच्या मुलीचा गाल साफ आहे. तिला विचारलं, तर तीही म्हणाली, 'मावशी, ती मी नाही.'"

"आता? आता कुठंय?"

"परवा गेली. कुठे, ते नाही बोलली."

काकांनी फोन खाली ठेवला. काकू दारात उभ्या होत्या, पदर मुठीत धरून.

"काय म्हणाल्या? नीट सांगा."

काकांच्या जिभेवर आलं, की सुखरूप आहे एवढंच सांगावं. बाकीचं काढून टाकावं. सवयीचा हात होता. मग त्यांनी गेट, कागद, साफ गाल, 'ती मी नाही', सगळं जसंच्या तसं सांगितलं.

काकू चपला पायात सरकवत म्हणाल्या, "चला. ते कागद जिथं जिथं चिकटवलेत, तिथले आधी उतरवू."