पाचपैकी पाच गुण मिळालेला पंप

मी गोबी वाळवंटातल्या माळावरचा एक हातपंप बोलतोय. माझ्याविषयी आजवर तीन अहवाल निघाले. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून आता मीच तोंड उघडतो.

मला बसवलं तेव्हा परदेशी पाहुणे आले होते. त्यांनी फीत कापली, घोडीच्या आंबट दुधाचा घोट घेऊन तोंडं वेडीवाकडी केली आणि माझ्याहून दुप्पट उंच पाटी ठोकली. पाटीवर सगळी देणाऱ्यांची नावं. पाण्याबद्दल एक अक्षर नाही.

तरी दोन वर्षं मी इमानाने पाणी दिलं. साठीची त्सेवेलमा एकटीच दीडशे शेळ्या राखते. त्या माझ्यावरच जगत. मग माझ्या पोटातला चामड्याचा वायसर झिजला. तळहाताएवढी वस्तू, पण तिच्यावाचून दांडा नुसताच खालीवर व्हायचा. त्सेवेलमानं तालुक्याच्या कचेरीत पाच चकरा मारल्या.

तिथले दामदिनसाहेब म्हणाले, "वायसर प्रकल्पात बसत नाही, मावशी. प्रकल्प पंपाचा होता."

मग ती अकरा किलोमीटरवरून उंटावर पाणी आणू लागली, शेळ्याही तिकडेच हाकू लागली. त्या उन्हाळ्यात तिच्या वीस शेळ्या वाटेतच आडव्या झाल्या.

दीड वर्षानं माणसं आली. वायसर घेऊन नव्हे, प्रश्नावली घेऊन. आदल्या दिवशी दामदिनसाहेबांनी मला निळा रंग फासला होता. मी छान दिसत होतो, हे मान्य करायला हवं.

परदेशी पाहुण्यानं माझा दांडा हलवला. हलला. त्यानं कागदावर बरोबरची खूण केली. मग दुभाषी सोलोंगोनं त्सेवेलमाला विचारलं, "आजी, पंपाबद्दल किती समाधानी आहात? एक ते पाच सांगा."

"मेलाय तो. मेलेल्याला किती देतात तुमच्याकडे?"

सोलोंगोनं दामदिनसाहेबांकडे पाहिलं आणि पाहुण्याला सांगितलं, "त्या फार आभारी आहेत."

पाहुण्यानं पाच लिहिले.

गाडीचा चालक गोंबो हे सगळं ऐकत टायरला टेकून उभा होता. तो जवळ आला. "मावशी, काय बिघडलंय?"

"वायसर गेलाय रे बाबा."

गोंबोनं गाडीतून फाटकी ट्यूब काढली. त्सेवेलमानं सुरीनं गोल तुकडा कापला, त्यानं पान्यानं माझं झाकण उघडून तो आत बसवला. आता हवा बाहेर काढायला वरून पाणी ओतायचं होतं. किटलीत दिवसाचं शेवटचं पाणी होतं. त्सेवेलमा क्षणभर थांबली, मग तिनं ते सगळं माझ्या घशात ओतलं.

गोंबो दांडा मारत राहिला. पंधरा वेळा, वीस वेळा. मला घाम फुटला असता, पण त्यालाही पाणी लागतं. मग मी खाकरलो आणि धो धो वाहू लागलो. शेळ्या अशा धावल्या की प्रश्नावली त्यांच्या पायाखाली गेली.

पाहुण्यानं भराभर फोटो काढले.

"त्याला सांग," त्सेवेलमा सोलोंगोला म्हणाली, "हे पाणी त्याच्या गाडीच्या ट्यूबनं दिलंय. आणि या वेळी नीट सांग."

सोलोंगोचे कान लाल झाले. तिनं शब्द न शब्द सांगितला. पाहुणा मनापासून हसला आणि त्यानं लिहून घेतलं: स्थानिक लोक विनोदी आहेत.

अहवालात मी यशस्वी ठरलो. लोकांनीच आपुलकीनं चालवलेला पंप म्हणून आणखी चाळीस गावांत माझी भावंडं बसणार आहेत. वायसरशिवाय, अर्थातच.

माझी ट्यूब फार तर हिवाळ्यापर्यंत टिकेल. म्हणून एक विनंती आहे: पुढचं मूल्यमापन लवकर ठेवा. आणि येताना गोंबोला आणा, पाहुणा नसला तरी चालेल.