रंगाऱ्याची धास्ती

नाटक कंपनीचे कपडे सांभाळणारी बाई विटलेला पडदा घेऊन आली, तेव्हा रंगारी चाळिशीला टेकला होता आणि बायकांशी बोलायची त्याची सवय पार मोडली होती. पडदा निळा करायचा होता. ती रोज बघायला यायची. हंड्यातून वाफ उठायची, वर दोऱ्यांवर ओली कापडं लोंबायची आणि त्या निळसर धुक्यात दोघं हळू आवाजात बोलत राहायची. एका दुपारी बोलणं आपसूक थांबलं. चुंबनं झाली, हात कपड्यांच्या आत गेले. त्यापुढे काही नाही. ती निघून गेली तरी रंगाऱ्याला वाटत होतं, आपण अजून पाण्याखालीच तरंगतोय.

कंपनी पुढच्या गावी गेली. थोड्याच दिवसांत त्याचा घसा धरला, अंगात कणकण आली, आणि नजर बोटावरच्या चिरेवर पडली. ती चीर त्या दुपारीही होतीच. मनात पाल चुकचुकली. रोग तिथून आत शिरला असेल तर?

त्याने एचआयव्हीसाठी रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. दोन दिवस बरे गेले, मग वाटलं, रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असेल. दुसरीकडे गेला, काही आठवड्यांनी तिसरीकडे. सगळीकडे तेच उत्तर. घसा कधीच बरा झाला होता, तरी तो आरशासमोर जीभ काढून उभा राहायचा. स्वप्नात पांढरं कापड हंड्यात बुडवायचा. ते पांढरंच वर यायचं आणि तो त्यावर डाग शोधत बसायचा.

घरी थोरली बहीण आणि तिची लहान मुलगी होती. तो आपला कप वेगळा ठेवू लागला. भाची गळ्यात पडायला आली की मागे सरायचा. बहिणीच्या नजरेतून ते सुटेना.

"पोरीला का झिडकारलंस? सकाळपासून रुसून बसलीय."

भिंतीकडे बघत त्याने सगळं सांगितलं.

"मला वाटलं, आमच्या कटकटीला कंटाळून घर सोडतोयस," बहीण म्हणाली. "ऊठ. डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी बाहेर बसेन."

डॉक्टरीणबाईंनी पापणीही न हलवता सगळं विचारलं. "तिच्या ओठांवर, तोंडात फोड, जखम?"

"नव्हती."

"तुमच्या बोटातून रक्त वाहत होतं?"

"नाही. खपली धरली होती."

"मग एचआयव्हीची भीती सोडा. अशा चुंबनाने, हात लावल्याने तो लागत नाही. तोंडात फोड असता तर दुसरे काही आजार चुंबनातून लागू शकतात, म्हणून विचारलं. तुम्हाला तसं काही दिसत नाही. आणि कपाने, लेकराला जवळ घेतल्याने तर काहीच होत नाही."

"आणखी एकदा तपासू का?"

"नको. शेवटची तपासणी पुरेसे दिवस उलटल्यावरची आहे. ही खाज आहे, खाजवाल तेवढी वाढेल. शंका आली तर येऊ दे, तिला उत्तर देऊ नका, हातातलं काम करत राहा. तरी नाहीच उतरली तर या. मनाच्या डॉक्टरांकडे पाठवते. त्यात लाजायचं काही नाही."

शंका लगेच गेली नाही. वाफेबरोबर यायची, तो कापड ढवळत राहायचा. एकदा तर प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पाय गेलेच. बराच वेळ उभा राहून तो माघारी फिरला. त्या संध्याकाळी त्याने भाचीला मांडीवर घेतलं. "आता कशाला लाड?" ती फुगूनच म्हणाली, पण उठली नाही.

कंपनी परतली, तशी ती बाईही आली. दोरीवर ओलं हिरवं कापड होतं. त्याच्या पलीकडे तिची नुसती सावली दिसत होती. त्याने काही लपवलं नाही, धास्तीपासून तपासण्यांपर्यंत सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस मी तुझ्या लेखी रोग होते."

नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. "हो. चुकलं माझं."

"मला विचारायचंस तरी." कापड बाजूला सारून ती पुढे आली. डोळे ओले होते, आवाज मात्र कोरडा होता. "पुढे जायचं असेल, तर दोघं मिळून तपासून घेऊ. एकदाच. आणि निरोध वापरू. चालेल?"

"चालेल."

"राग गेलेला नाही माझा."

"असू दे," रंगारी म्हणाला.

तिने बाह्या वर सारल्या आणि हंड्यातून नुकत्याच काढलेल्या कापडाचं एक टोक पिळायला हातात घेतलं.