मुरारीने वाटलेली चुक्याची चटणी

काळ्या दगडाचा, मधोमध खोलगट झालेला एक जुना पाटा मी आहे, मित्रांनो. कशेडी घाटाच्या पायथ्याशी चांगू पाथरवटाने मला घडवले. छिन्नीचे घाव बसत तेव्हा मी मनातल्या मनात कळवळत असे. पण शेवटी त्याने माझ्या अंगावर टाकी म्हणतात ते बारीक ठिपके उठवले, तळवा फिरवून पाहिला आणि समाधानाने हसला. ते हसू मी विसरलो नाही.

पोलादपूरच्या बाजारात ठकूबाईंनी मला पसंत केले. मी आणि माझा वरवंटा बैलगाडीत बसून शिवथरच्या खोऱ्यातल्या त्यांच्या वाडीवर आलो. ठकूबाईंचा मुलगा मुरारी मुंबईला गिरणीत कामाला होता. घरात ठकूबाई आणि सून चंद्रभागा, दोघीच. मिरची, लसूण, सुके खोबरे, भाजलेले कारळे. रोज काही ना काही माझ्या अंगावरून जायचे आणि मला बरे वाटायचे.

एका वर्षी दिवाळीनंतर मुरारी अचानक घरी आला. त्याला ओळखणे कठीण झाले होते. पाय सुजलेले, पिंढऱ्यांवर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. महाडच्या डॉक्टरांनी त्याला तपासले आणि विचारले, "मुंबईत जेवता काय?"

"पाव-चहा. नायतर भात आनि सुकं म्हावरं."

"भाजी?"

मुरारीने नकारार्थी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "मग हा ताजी भाजी न खाल्ल्याचा आजार. खरं औषध तुमच्या परसातच आहे. हिरवा पाला, लिंबू, आवळा. हे खाल्लं नाही, तर दात जातील, आणि पुढे जिवावरही बेतेल."

आजार कळला, औषध कळले; पण रोगी औषध घेईना. ठकूबाईंनी माठाचा पाला उकडून पानात वाढला की मुरारी तोंड फिरवायचा. "गुरांचं खानं मला नको. घशाखाली उतरत नाय." ठकूबाई चिडायच्या, रडायच्या, शपथा घालायच्या. मुरारी उपाशी उठायचा.

मग चंद्रभागेने एक युक्ती केली. तिने कांदा-खोबरे खरपूस भाजले, त्यात शिजवलेला माठ घातला आणि माझ्यावर इतका बारीक वाटला की त्याचे नावही उरू नये. वर चार बोंबील टाकून तिने कालवण केले. दोन दिवस मुरारीने बोटे चाटून खाल्ले. मीही मनात फुशारलो. तिसऱ्या दिवशी माझ्या कडेला वाटायचा राहून गेलेला एक हिरवा देठ त्याच्या घासात आला.

"आजारी मानसाला फसवतेस?" एवढेच तो बोलला. थाळी सरकवून तो ओटीवर जाऊन बसला. पुढचे दोन दिवस त्याने तिच्या हातचे काहीच खाल्ले नाही. आईने दिलेल्या नुसत्या पेजेवर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना त्याचा एक दात पडला. त्या दोन दिवसांत मीही कोरडाच होतो. फसवणुकीत माझाही हात होता, हे मला फार लागले.

दात पाहून चंद्रभागा उठली. तिने मला धुतले, छातीशी धरून उचलले आणि ओटीवर त्याच्यापुढे आणून ठेवले. शेजारी आंबट चुक्याचा कोवळा पाला, लसूण, भाजलेल्या मिरच्या, कारळे आणि लिंबू मांडले.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "आता तुमीच वाटा. काय किती घालायचं ते तुमीच ठरवा. मी काय लपवनार नाय."

"बाप्या मानसानं पाटा घ्यायचा? वाडी हसंल."

"हसूं दे. तुमी जगलात तर मी पन हसेन."

मुरारीने माझ्या खोलगट भागावरून बोट फिरवले. मग त्याने वरवंटा उचलला. ताकद नव्हती, तरी अंगाचा भार टाकून तो वाटू लागला. आधी मिरची-लसूण, मग कारळे. वास सुटला. चुक्याचा पाला मुठीत घेतल्यावर मात्र तो थांबला आणि खाली बघतच बोलू लागला.

"मी लहान होतो तवा एका साली आषाढातच कणगी रिकामी झाली. दोन म्हैने रानातला टाकळ्याचा पाला उकडून खाल्ला. नुसता टाकळा. मीठ पन नाय. ओकारी आली तरी आये तोंडात कोंबायची. अजून पाला बघितला की तीच चव जिभेवर येते."

दारात ठकूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"मीठ इकत घ्यायला पैसा नव्हता रे घरात," त्या हळूच म्हणाल्या. "तू वाचावंस म्हनून कोंबत होते."

 ठकूबाई आत गेल्या, मूठभर मीठ घेऊन आल्या आणि माझ्याजवळ खाली बसल्या. चिमूट चिमूट करून त्यांनी ते पाल्यावर टाकले. "बघ, पुरं झालं का?"

मुरारीने वाटले. बोटाने चाखले. लिंबू पिळले, पुन्हा चाखले. मग भाकरीचा तुकडा मोडून त्याने चटणीला लावला, आणि तो घास उतरला, मित्रांनो! मी दगड खरा, पण त्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला.

त्यानंतर तो रोज वाटू लागला. शेवग्याचा पाला खोबऱ्यात, मुळ्याचा पाला लसणीत, आवळा मिरचीत. वाडीतल्या रंगूबाई तोंडाला पदर लावून हसायला आल्या आणि चटणीची वाटी घेऊन गेल्या. महिन्याभरात मुरारीच्या पायांची सूज उतरली, हिरड्या भरल्या. माघात तो परत मुंबईला गेला. पुढे त्याचे पत्र आले, की त्याने तिथेही एक पाटा घेतला आहे आणि खोलीतले सोबती रविवारी चटणीची वाट बघत बसतात.

माझी मात्र नंतर थोडी आबाळ झाली. टाकी झिजली, मी गुळगुळीत झालो, वाटण भरड राहू लागले. काही महिने परसात पडून होतो. पण चंद्रभागेने टाकीवालीला हाक मारली, तिने माझ्या अंगावर पुन्हा ठिपके उठवले, आणि मी पुन्हा चुलीशेजारी आलो. ज्या हातांनी मला बाजारातून आणले, ज्या हातांनी मला छातीशी धरून ओटीवर नेले, आणि ज्या अशक्त हातांनी वरवंटा उचलला, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, पाट्याला वेळच्या वेळी टाकी लावून घ्या, एवढे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी एक विनवणी आहे. तुमच्या घरात कोणी भाजी बाजूला सारली, तर त्याला लगेच रागावू नका आणि फसवूनही खाऊ घालू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काय आवडते ते विचारा, आणि काय आठवते तेही विचारा. मग चवीपुरते मीठ त्याच्याच हातात द्या.